रेंज आधी, मुक्काम नंतर

नोकरी न सोडता वर्षभर आरव्हीत राहून अमेरिका बघायची, हा तुमचा दोघांचा बेत मला मनापासून आवडला. गाडी किती लांबीची घ्यायची, पाण्याच्या टाक्या कशा रिकाम्या करायच्या, डोंगरउतारावर ब्रेक कसे जपायचे, हे सगळं तुला काका सांगतील. इंटरनेटचं मात्र माझ्याकडून ऐक. माझी सगळी नोकरी मोबाइल नेटवर्कच्या कामात गेली, आणि निवृत्तीनंतर आम्ही दोघं जेवढं फिरलो त्यात हे खातं पहिल्यापासून माझ्याचकडे होतं.

सगळ्यात आधी डोक्यात एक गोष्ट पक्की बसव. घरी एकदा तार ओढली की वर्षानुवर्षं तिच्याकडे बघावं लागत नाही. आरव्हीत प्रत्येक मुक्कामाला प्रश्न नव्याने उभा राहतो. काल ज्या सिमवर चार तास मीटिंग झाली तेच सिम आज पन्नास मैलांवर मुकं होतं. महागडं यंत्र घेतलं की काम झालं असं समजून लोक निघतात आणि पहिल्याच सोमवारी अडकतात. म्हणून मी म्हणते, उद्याचं इंटरनेट आज दुपारीच शोधून ठेवायचं. यंत्रं लागतातच, पण ती या सवयीच्या मदतीला आहेत.

आता तुम्हाला लागतं किती ते मोजू. वेग तपासताना माणसं डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होतात. मीटिंग अडते ती अपलोडवर, कारण तुमचं चित्र आणि आवाज बाहेर पाठवायचा असतो. झूमवर दोघांच्या बऱ्या चित्राच्या कॉलला दोन्ही दिशांना साधारण सव्वा एमबीपीएस लागतात, गटाच्या मीटिंगला दोन-अडीच. नुसत्या आवाजाला शंभर केबीपीएससुद्धा लागत नाहीत. म्हणजे तुम्ही दोघं एकाच वेळी मीटिंगमध्ये बसलात तरी पाच एमबीपीएस अपलोड पुरेसं आहे. डेटाचा हिशोबही सोपा आहे. असा तासभर कॉल म्हणजे साधारण एक जीबी. दोघांचे मिळून दिवसाला आठ तास धरले तर महिन्याच्या बावीस कामाच्या दिवसांत पावणेदोनशे जीबी होतात, आणि यात रात्रीचे सिनेमे आलेच नाहीत. प्लॅन निवडताना हा आकडा समोर ठेव.

प्लॅन म्हटला की आधी नेटवर्कं बघायची. अमेरिकेत देशभर पसरलेली जाळी तीनच आहेत: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. २०२० मध्ये स्प्रिंट टी-मोबाइलमध्ये विलीन झाली तेव्हा चौथं गेलं. बाकीची स्वस्त नावं याच तिघांचे टॉवर वापरतात. व्हिजिबल व्हेरायझनवर चालतं, क्रिकेट एटी अँड टीवर, मिंट टी-मोबाइलवर. तेव्हा तुझ्याकडे व्हेरायझन आणि जावईबापूंकडे व्हिजिबल असं असेल तर तुमच्याकडे दोन सिम आहेत, पण जाळं एकच आहे. एकाची रेंज गेली की दुसऱ्याचीही जाणार. तुम्हा दोघांचे फोन वेगवेगळ्या जाळ्यांवर हवेत. जमलं तर तिसऱ्या जाळ्याचं एखादं स्वस्त ई-सिम, महिन्यामहिन्याने चालू-बंद करता येईल असं, हाताशी ठेव.

कुठलं जाळं चांगलं, हे मला सगळेच विचारतात. देशभरासाठी याचं एकच एक उत्तर नाही, पण लहरींचं थोडं गणित कळलं की अंदाज बांधता येतो. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते, भिंतीतून आणि झाडांतून थोडी तरी पार होते, पण तिच्यात वेग कमी मावतो. जास्त फ्रिक्वेन्सीची लहर वेगवान असते, पण टॉवरजवळच उपयोगी. रानावनात तुम्हाला तारून नेतात त्या कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी: व्हेरायझन आणि एटी अँड टीच्या ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, टी-मोबाइलची ६०० मेगाहर्ट्झची. शहरात आणि मोठ्या हमरस्त्यांवर जे झपाट्याचं फाइव्ह-जी दिसतं ते टी-मोबाइलचं अडीच गिगाहर्ट्झचं असतं, किंवा बाकी दोघांनी २०२२ च्या जानेवारीत सुरू केलेल्या पावणेचार गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं. एटी अँड टीकडे आणखी एक गोष्ट आहे. अग्निशमन, पोलीस, रुग्णवाहिका यांच्यासाठीच्या फर्स्टनेट जाळ्याचं कंत्राट त्यांना २०१७ मध्ये मिळालं आणि त्यापायी अनेक आडगावांत नवे टॉवर उभे राहिले. आपत्ती नसेल तेव्हा फर्स्टनेटच्या पट्ट्याचा फायदा साध्या ग्राहकालाही होतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की जुना हॉटस्पॉट स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नकोस. त्यात या कमी फ्रिक्वेन्सीचे बँड, म्हणजे ७१, १२, १३ आणि १४, आहेत का ते बघ. हे बँड नसलेलं यंत्र शहरात छान चालेल आणि जिथे खरी गरज आहे तिथे गप्प बसेल. थ्री-जी तर तिन्ही कंपन्यांनी २०२२ मध्ये बंदच केलं, त्यामुळे त्या काळातल्या यंत्रांकडे बघूसुद्धा नकोस.

नकाशांबद्दलही सांगते. कंपन्यांचे स्वतःचे रंगीत नकाशे पहिल्या अंदाजापुरतेच धर. एफसीसीचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या दूरसंचार नियामकाचा, राष्ट्रीय ब्रॉडबँड नकाशा त्याहून बरा, कारण तिथे उघड्यावर उभ्या माणसाला मिळणारी रेंज आणि चालत्या वाहनात मिळणारी रेंज वेगळी दाखवता येते. तू कायम वाहनातली बघ. आरव्हीच्या भिंती सिग्नल खातात. एअरस्ट्रीमसारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेलरमध्ये तर दार लावलं की दोन-दोन रेघा गळतात. टॉवर नक्की कुठे आहे ते पाहायला सेलमॅपर चांगलं आहे. ते वापरणाऱ्यांच्या फोनमधून गोळा झालेल्या माहितीवर चालतं, त्यामुळे रहदारीच्या भागात विश्वासाचं, सुनसान भागात तुटक. आणि ज्या कॅम्पग्राउंडला जायचं तिथल्या ताज्या अभिप्रायांत लोक आपापल्या कंपनीची रेंज लिहितात, ते वाचल्याशिवाय आगाऊ पैसे भरायचे नाहीत.

आता मुक्कामावर पोचल्यावर काय करायचं ते सांगते. इथे सावकाश वाच, कारण खरं कसब इथेच लागतं.

फोनच्या रेघा विसर. किती सिग्नलला किती रेघा दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा स्वतः ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये असतो. अँड्रॉइडवर तो सेटिंगमध्ये फोनच्या माहितीखाली सिमच्या स्थितीत सापडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की तपासणीचा पडदा उघडतो, त्यात आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद, शोध. हा आकडा उणे असतो. उणे ८० म्हणजे उत्तम, उणे ९५ म्हणजे काम निवांत होईल, उणे १०५ ला मीटिंग अडखळू लागते, उणे ११५ च्या खाली नुसते निरोप येतील-जातील. दहाचा फरक लहान वाटतो, पण दर दहाला शक्ती दहापटीने बदलते. त्याच पडद्यावर एसआयएनआर नावाचा दुसरा आकडा असतो, म्हणजे तुमचा सिग्नल आसपासच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे ते. तो वीसच्या वर असेल तर फार छान, शून्याच्या खाली गेला तर आरएसआरपी चांगला असूनही काम होणार नाही. दोन टॉवरांच्या बरोबर मध्ये उभं राहिलं की नेमकं असं होतं.

मग फोन हातात घेऊन सगळ्या जागेत फिरायचं. दहा पावलांवर, एखाद्या टेकाडाच्या पलीकडे, डंप स्टेशनच्या कोपऱ्यात आकडा पाच-सातने सुधारतो. उंचीचा फायदा तर ताबडतोब दिसतो, म्हणून शिडीवरून छतावर चढून एकदा आकडा बघच. दरीतली नदीकाठची जागा सुंदर असते, पण डोंगराआडचा टॉवर तिथे पोचत नाही. शनिवार-रविवारी खुशाल नदीकाठी राहा. रविवारी दुपारी तीनच्या आत वर या.

हे सगळं करायला उजेड आणि वेळ लागतो. म्हणून माझा नियम असा, की कामाच्या आदल्या दिवशी दुपारी तीनच्या आत मुक्कामावर पोचायचं. दोन्ही सिमवर वेग तपासायचा, पाच-दहा मिनिटांचा एक खरा व्हिडिओ कॉल करून बघायचा, भारतात झोपले नसतील तर आईलाच लाव. काम होणार नाही असं दिसलं तर अंधार पडण्याआधी तास-दीड तास गाडी हाकून दुसरी जागा गाठता येते. ही दुसरी जागा सकाळीच नकाशावर खूण करून ठेवलेली असावी. सोमवार ते गुरुवार शक्यतो हलायचं नाही. ज्यांना रोज नवी जागा बघायची हौस आहे त्यांनी सुट्टी काढून फिरावं. नोकरी सांभाळून रोज मुक्काम बदलणं मी पाहिलंय, त्यात ना नोकरी नीट होते ना प्रवास.

तपासणी एकदा दुपारी कर आणि एकदा रात्री आठच्या सुमारास. दुपारी पन्नासचा वेग देणारा टॉवर रात्री सगळे सिनेमे लावून बसले की तीनवर येतो. सिग्नल तोच, वाटेकरी वाढलेले. अ‍ॅरिझोनात क्वार्ट्झसाइटला जानेवारीत हे बघायला मिळतं. एरवी एवढंसं वाळवंटी गाव, पण हिवाळ्यात तिथे सरकारी मोकळ्या जमिनीवर आरव्हींचा महासागर जमतो आणि मोबाइलचं जाळं दिवसाढवळ्या गुदमरतं. यलोस्टोनमध्ये उन्हाळ्यात तसंच. मॅमथ, ओल्ड फेथफुल, कॅनियन, ग्रँट अशा वस्तीच्या जागी रेंज आहे, पण गर्दीच्या तासांत ती कामाची राहत नाही. पहाटे सहाला तिथे छान काम होतं. पूर्व किनाऱ्याच्या वेळेवर चालणारी नोकरी असेल तर हे तुमच्या पथ्यावरच पडेल.

गर्दीत कोणाला आधी वाट मिळणार हे तुमच्या प्लॅनच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ‘अनलिमिटेड’ शब्दावर जाऊ नकोस. तीन आकडे विचार: टॉवरवर गर्दी असताना प्राधान्याने मिळणारा डेटा किती, फोनवरून लॅपटॉपला देता येणारा हॉटस्पॉट डेटा किती, आणि तो संपल्यावर वेग किती उरतो. स्वस्त कंपन्यांचे बरेचसे प्लॅन पहिल्या दिवसापासून रांगेत मागे उभे असतात. शिवाय घरगुती वापराचे फाइव्ह-जी डबे बहुधा एका पत्त्याला बांधलेले असतात. फिरत्या लोकांसाठी वेगळा प्लॅन असतो, तो रीतसर घ्यावा. पत्ता खोटा सांगून घेतलेला डबा कधी बंद पडेल याचा नेम नसतो, आणि मीटिंगच्या मधोमध तो बंद झालेला तुम्हाला परवडणार नाही.

आता स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारं इंटरनेट. तू फोनवर विचारलंस, ते घेतलं तर बाकी सगळं कशाला. घ्याच, पण बाकीचं सोडू नका.

आधी ते का चालतं ते समजून घे. पूर्वीचं उपग्रह इंटरनेट भूस्थिर उपग्रहांवर होतं, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. तिथपर्यंत जाऊन खाली यायचं, मग उत्तराने तसाच प्रवास करायचा, यात प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद जातो. तेवढ्या उशिराने बोलणाऱ्या माणसाशी मीटिंग करून बघ, दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून उत्तर काही दशांश नव्हे, शतांश सेकंदांत येतं. त्याची किंमत अशी, की हे उपग्रह आकाशात थांबत नाहीत. डिश एकाला सोडून दुसऱ्याला धरत राहते आणि त्यासाठी तिला डोक्यावरचं मोठं आकाश मोकळं लागतं, अमेरिकेतल्या अक्षांशांवर उत्तरेकडचं जरा जास्तच.

म्हणून स्टारलिंकचा शत्रू झाड. अंतर कितीही असो, नेवाडाच्या उजाड पठारावर जिथे कुठल्याच कंपनीची रेंज नाही तिथे डिश उघड्यावर ठेवली की शहरासारखं काम होतं. उलट वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपिक द्वीपकल्पात, उत्तर कॅलिफोर्नियाच्या रेडवुडच्या रानात, किंवा अ‍ॅपलाचियाच्या गर्द कॅम्पग्राउंडांत तिला वर बघायला फटच मिळत नाही. आणि फसवणूक अशी होते, की एकाच झाडाची फांदी आड येत असेल तर दर काही मिनिटांनी दोन-चार सेकंद जोडणी तुटते. सिनेमा पुढचं आधीच साठवून ठेवतो, त्याला कळतही नाही. मीटिंगला लगेच कळतं. त्यामुळे ‘नेटफ्लिक्स छान चालतं’ असं शेजारच्याने सांगितलं तर त्यावर विसंबू नकोस. स्टारलिंकच्या अ‍ॅपमध्ये फोनचा कॅमेरा आकाशाकडे धरून अडथळे तपासायची सोय आहे. गाडी लावायच्या आधी ते कर, लावून पाय टेकवल्यावर नाही. झाडीत राहावंच लागलं तर छतावर कायमची बसवलेली डिश कुचकामी ठरते, लांब तार असलेली सुटी डिश नेऊन मोकळ्यात ठेवता येते. मी तर सुटीच घे म्हणेन. उन्हाळ्यात तिचा आणखी एक लाभ आहे: गाडी सावलीत, डिश उन्हात.

एवढ्यावरून नकाशा तुझ्या लक्षात येईल. पश्चिमेच्या उघड्या मुलखात डिशवर भिस्त ठेव आणि सिम मदतीला. पूर्वेच्या झाडीत आणि दाट वस्तीत सिमवर भिस्त ठेव, डिश मदतीला. धो धो पावसात डिशचा वेग पडतो, ते ढग पुढे सरकेपर्यंत सोसायचं. प्लॅनचे दर आणि ते तात्पुरते थांबवायचे नियम सारखे बदलतात, म्हणून ते मी सांगत नाही, घेशील त्या दिवशी वाच.

विजेचा हिशोब मात्र सांगते, कारण कॅम्पग्राउंडची वीज नसेल तेव्हा इंटरनेट बॅटरीवरच उभं असतं. लहान डिश, मिनी म्हणतात ती, साधारण २५ ते ४० वॅट खाते. नेहमीची मोठी डिश ७५ ते १००. मिनी दहा तास चालवली तर जास्तीत जास्त ४०० वॅट-अवर गेले. शंभर अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत १२८० असतात, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. वर दोन लॅपटॉप आणि राउटर. एक बॅटरी तुम्हाला पुरणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते. मिनी थेट डीसीवर चालते, ती बारा व्होल्टच्या सॉकेटवरूनच चालव. बॅटरीची वीज इन्व्हर्टरने एसी करायची आणि अडॅप्टरने पुन्हा डीसी, यात फुकट शक्ती जाते.

बूस्टरबद्दल थोडक्यात. तो असलेला सिग्नल मोठा करतो, नसलेला आणत नाही. उणे ११५ चा उणे १०० करायला तो उपयोगी, त्यातही आवाजाच्या कॉलला आणि अपलोडला जास्त. पण आजकालच्या फोनात दोन किंवा चार अँटेना एकत्र काम करून वेग वाढवतात, आणि बूस्टर ते सगळं एका धारेत आणतो. त्यामुळे सिग्नल बरा असलेल्या जागी बूस्टर लावला की वेग उलट कमी होतो. लावून एकदा, काढून एकदा, असं दोन्ही मोजायचं. बाहेरचा आणि आतला अँटेना एकमेकांपासून लांब हवेत, नाहीतर तो स्वतःचाच आवाज ऐकून गप्प होतो. एफसीसीच्या नियमांप्रमाणे तो मान्यताप्राप्त हवा आणि आपल्या मोबाइल कंपनीकडे त्याची नोंद करावी लागते. माझं मत विचारशील तर त्या पैशांत छतावर चांगला बहुधारी अँटेना बसवून तो थेट राउटरला जोड. मधली तार जेवढी आखूड तेवढा फायदा, कारण लांब बारीक तारेत कमावलेला सिग्नल पुन्हा सांडतो.

राउटरवर पैसे खर्च करायला हरकत नाही. डिश, सिम आणि कॅम्पग्राउंडचं वाय-फाय हे तिन्ही ज्याला जोडता येतील असा घ्या, म्हणजे तुमचे लॅपटॉप, फोन, प्रिंटर सगळे एकाच नावाच्या वाय-फायवर राहतील आणि मागची वाट राउटर बदलेल. एक वाट तुटली की दुसरी घेणारे राउटर स्वस्तात मिळतात, पण बदलताना चालू कॉल काही सेकंद तुटतो. दोन्ही वाटा एकत्र विणून चालवणारे महाग, आणि त्या सेवेची वेगळी वर्गणी. तुमच्यासाठी बिनखर्ची उपाय आहे: महत्त्वाच्या मीटिंगला लॅपटॉप डिशवर ठेव आणि आवाजासाठी साध्या फोन नंबरने, मोबाइलच्या टॉवरवरून, त्याच मीटिंगमध्ये शिर. चित्र गेलं तरी तुझं बोलणं चालू राहतं, आणि बऱ्याचदा कोणाच्या लक्षातही येत नाही.

डेटा गळतो तो नकळत. हॉटस्पॉटला जोडलेल्या फोनला वाटतं आपण घरच्या वाय-फायवर आहोत. मग तो रात्री सगळे फोटो ढगात चढवतो आणि लॅपटॉप भलीमोठी अपडेट उतरवतो. विंडोजमध्ये ती जोडणी मीटर्ड म्हणून नोंदव, अ‍ॅपलवर लो डेटा मोड लाव. आणि हॉटस्पॉट कधीही डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नकोस. काचेआडच्या उष्णतेने तो आधी बंद पडतो आणि पुढे त्याची बॅटरी फुगते.

कॅम्पग्राउंडच्या वाय-फायवर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे. आपल्या जुन्या सोसायटीत एकच टाकी आणि सकाळी सगळे नळ सुटलेले असायचे, तसं ते. मागे गावाकडून आलेली तार बारीक, वापरणारे शे-दीडशे. रेंज वाढवायचं यंत्र लावलंस तरी टाकीत पाणी वाढत नाही. ईमेल बघायला, हवामान बघायला ते ठीक. बँकेचं काम त्यावर करायचंच झालं तर व्हीपीएनमधून.

खरा आधार गावातल्या सार्वजनिक वाचनालयांचा. अमेरिकेतली कितीतरी लहान गावंसुद्धा वाचनालय राखून असतात. अँड्र्यू कार्नेगींनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून या देशात दीड हजारांहून अधिक वाचनालयांच्या इमारतींना पैसे दिले, त्यातल्या कित्येक अजून वापरात आहेत. तिथलं वाय-फाय फुकट असतं, बहुतेकदा बऱ्यापैकी वेगवान असतं, आणि अनेक ठिकाणी अभ्यासाच्या छोट्या बंद खोल्या आधी सांगून मिळतात, त्यासाठी गावचं कार्ड लागतंच असं नाही. मुलाखत असो, मोठं सादरीकरण असो, आदल्या दिवशी फोन करून खोली मागून घे. ग्रंथपालबाईंशी दोन शब्द बोल, गावात रेंज कुठे येते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. कित्येक वाचनालयांचं वाय-फाय बंद झाल्यावरही पार्किंगमध्ये येतं. आणि निघताना त्यांच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून काहीतरी घेऊन जात जा. अशी जागा फुकट वापरून नुसतं निघून जाणं आपल्या घरात बसत नाही.

वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँकला जाणार आहात असं म्हणालीस, तर तिथलं वेगळं सांगायला हवं. तिथे रेंज नसणं हा दोष नाही, ती व्यवस्था आहे. १९५८ मध्ये त्या भोवतीचा तेरा हजार चौरस मैलांचा मुलूख राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्र म्हणून राखला गेला, कारण तिथल्या दुर्बिणी आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी ऐकतात. तिथली शंभर मीटरची दुर्बीण बघण्यासारखी आहे. तिच्या जवळ पेट्रोलच्या गाड्यासुद्धा नेत नाहीत, डिझेलच्याच नेतात, कारण स्पार्क प्लगच्या ठिणगीचाही गोंगाट होतो. नारायणगावजवळच्या खोडदला तुझी शाळेची सहल गेली होती ना, तिथल्या पंचेचाळीस मीटरच्या तीस अँटेनांभोवती फोन बंद ठेवायला लावतात तेही यासाठीच. ग्रीन बँकला कामाच्या दिवशी जाऊ नका. सुट्टी काढा, डिश, हॉटस्पॉट, बूस्टर सगळं बंद करा, आणि शास्त्रज्ञांचं ऐकणं सुखाने चालू द्या.

अ‍ॅरिझोनात दुसरीच अडचण येते, ती घड्याळाची. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. त्याच राज्यातला नावाहो लोकांचा प्रदेश मात्र करतो, आणि शेजारचं युटाही करतं. मॉन्युमेंट व्हॅली, पेज या भागात फोन जो टॉवर पकडेल त्याची वेळ दाखवतो, जेवता जेवता तास पुढे-मागे होतो. तिथे फोनचं आपोआप वेळ बदलणं बंद करून ऑफिसच्या वेळेवर घड्याळ बांधून टाक. पुण्याच्या टीमशी बोलतेस, तर पॅसिफिक वेळेपेक्षा भारत उन्हाळ्यात साडेबारा तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेतेरा, हेही कागदावर लिहून भिंतीला लाव.

जिथे काहीच नाही तिथली तयारी शेवटी सांगते, पण ती सगळ्यांत महत्त्वाची. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा आणि गाडीत एक छापील रस्ते-नकाशाही असू दे. आयफोन १४ पासून पुढच्या फोनांत टॉवर नसला तरी उपग्रहावरून मदत मागता येते, ती कशी मागायची याचा सराव फोनमध्येच दिलाय, तो दोघांनी करा. टी-मोबाइलने २०२५ च्या जुलैपासून स्टारलिंकच्या उपग्रहांवरून निरोप पाठवायची सेवाही सुरू केली आहे. तरी लांब पायी जाणार असाल तर इरिडियमच्या उपग्रहांवर चालणारं गार्मिन इनरीचसारखं छोटं यंत्र कमरेला असावं, फोन पडून फुटतो, हे सहसा फुटत नाही. डिश चालू असेल तर फोनमधलं वाय-फाय कॉलिंग सुरू ठेव, टॉवर नसतानाही ९११ लागेल. पण तेव्हा ९११ वाल्यांना तुझा नोंदवलेला घरचा पत्ता दिसण्याचा संभव असतो. म्हणून मुक्काम बदलला की तो पत्ता बदल, आणि फोन लागताच आधी आपण कुठे आहोत ते सांग.

ताई आणि भावोजी महिनाभर तुमच्याबरोबर राहायला येणार आहेत, तर त्यांच्या भारतातल्या सिमवर निघण्याआधीच आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यायला सांग. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो आणि नुसत्या डिशच्या वाय-फायवर तो येईलच असा भरवसा नाही. त्यांची पेन्शनची, बँकेची कामं टॉवरची रेंज असलेल्या मुक्कामातच उरकून घ्या. एखाद्या कॅनियनमध्ये दोन दिवस जाणार असाल तर मागे राहिलेल्या सगळ्यांना आधी सांगा, की या तारखांना फोन लागणार नाही आणि अमुक दिवशी आम्हीच करू.

निघण्याआधी एक आठवडा घरचं वाय-फाय बंद करून दारातल्या गाडीतूनच दोघांनी पूर्ण नोकरी करा, विजेची जोडणीही काढून. बॅटरी कधी संपते, दोघांच्या मीटिंगचे आवाज एकमेकांत कसे मिसळतात, कुठली तार आखूड पडते, हे सगळं तिथे कळेल आणि दुकान जवळ असेल. पहिला मुक्काम ठरला की जागा मला पाठव. तिथले टॉवर कुठे आहेत आणि कुठल्या बाजूला झाडी आहे ते मी आधी बघून ठेवते, म्हणजे बुकिंग करताना कुठली साइट मागायची ते तुला सांगता येईल.